शनिवारची झोप

त्या वर्षी गावातल्या विहिरींनी एकजात तळ दाखवला आणि विहिरी खोदणाऱ्या दोघा भावांना मान वर करायला फुरसत उरली नाही. लोकांच्या घशाला कोरड पडली की यांच्या हाताला काम मिळायचं, त्याला ते तरी काय करणार. पाच विहिरी एकदम अंगावर घेतल्या होत्या. थोरला वर रहाटावर असायचा आणि धाकटा खाली. थोरल्यानं पन्नाशी ओलांडली होती, गुडघे कुरकुरायला लागले होते, म्हणून तीन वर्षांपूर्वी दोघांनी जागा बदलल्या होत्या. त्याआधी बावीस वर्षं थोरलाच खाली उतरायचा. खालच्या माणसाचा जीव वरच्याच्या हातात असतो, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

शुक्रवारी दुपारी ते पिठाच्या गिरणीमागच्या विहिरीत होते. गाळ संपून दगड लागला होता. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत हत्यारं धुऊन, अंघोळ करून घरात दिवे लागलेले हवेत. यहुद्यांच्या घरात तिथून शनिवारी तीन चांदण्या निघेपर्यंत शब्बाथ. काम बंद, चूल बंद, गाडी बंद. दोघांच्या बापानं हे कधी मोडलं नव्हतं आणि यांनीही नाही. पण शुक्रवारची दुपार मोठी लबाड असते. बराच वेळ आहे, बराच वेळ आहे म्हणेपर्यंत सावल्या लांबतात. थोरल्यानं सावली बघितली आणि खाली ओरडून सांगितलं, बादली काठोकाठ भर, दोन खेपा वाचतील. धाकट्यानं भरली. वर येता येता बादली कलली आणि मुठीएवढा दगड घरंगळून खाली गेला.

वरून दिसलं ते एवढंच, की धाकटा डोकं धरून खाली बसला आणि तसाच बसून राहिला. गिरणीवाल्याला हाक मारून थोरल्यानं त्याला दोरानं वर काढलं. केसांत थोडं रक्त होतं, कानामागे टेंगूळ आलं होतं. पाणी पाजल्यावर तो हसला. म्हणाला, विहिरीकडे पाणी मागितलं तर तिनं दगड मारला. स्वतःच्या पायांनी घरी आला, अंघोळ केली, द्राक्षारसाच्या पेल्यावर आशीर्वाद म्हटला, चार वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन दोन घास खाल्ले आणि डोकं ठणकतंय म्हणून लवकर आडवा झाला. कुणालाही त्यात काळजीचं काही वाटलं नाही.

शनिवारी सकाळी त्याला दोनदा उलटी झाली. थोरला प्रार्थनेला गेला. प्रार्थनेची जागा म्हणजे शिंप्याच्या दुकानामागची खोली. चार बाकं, एक कपाट, कपाटात धर्मशास्त्राची गुंडाळी, आणि ती वाचणारा शिंपीच. गावात त्यांची घरं सात आणि पुरुष मोजून बारा. प्रार्थनेला दहा लागतात, त्यामुळे कुणी नुसता शिंकला तरी बाकीच्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. त्या दिवशी धाकटा नसूनही भागलं. थोरला घरी आला, कालचं थंड जेवण जेवला आणि खाटेवर पडला.

हे पडणं नीट सांगायला हवं. सहा दिवस रहाट ओढलेली पाठ सातव्या दिवशी खाटेला टेकते, तेव्हा आधी ती दुखते, मग एकेक मणका सैल होतो, आणि झोप पायांकडून वर चढत येते. थोरला आठवडाभर या एका दुपारच्या आशेवर जगायचा. त्यात वाईट काही नाही, शब्बाथ दिलाय तो विसाव्यासाठीच. डोळा लागतोय न लागतोय तोच भावजय दारात आली.

"भाऊजी, यांच्या एका डोळ्यातली बाहुली मोठी दिसतेय," ती म्हणाली. "हाक मारली तर ओ देतात, पण भलतंच काहीतरी बोलतात. गाडी जुंपता का?"

शहरातला दवाखाना खेचराच्या गाडीनं तीन तासांवर होता. थोरल्यानं डोळे उघडले नाहीत.

"आज शब्बाथ आहे," तो म्हणाला. "चांदण्या निघाल्या की लगेच जुंपतो."

मग तिची पावलं आत गेली. थोरल्याला झोप लागली, आणि गाढ लागली.

ऊन उतरल्यावर तो उठला तेव्हा धाकटा हाकेला ओ देत नव्हता. तिसरी चांदणी दिसायच्या आधीच थोरल्यानं खेचर जुंपलं, इतका त्याचा धीर सुटला होता. अर्ध्या वाटेवर, बायकोच्या मांडीवर डोकं असताना, धाकट्याचा श्वास थांबला. रस्ता इतका अरुंद होता की गाडी तिथं वळेना. मेलेल्या माणसाला घेऊन त्यांना आणखी मैलभर पुढे जावं लागलं, आणि मग कुठे परत फिरता आलं.

रविवारी माती झाली. कबरीपाशी शिंप्यानं खिशातून कात्री काढली आणि रिवाजाप्रमाणे थोरल्याच्या सदऱ्याला छातीवर चीर दिली. पुढचं थोरल्यानं आपल्या हातानं फाडलं. हा सदरा शिंप्यानंच शिवला होता. तो फाटल्या जागेकडे जरा जास्त वेळ बघत राहिला.

मग सात दिवसांचं बसणं सुरू झालं. आरसे झाकले, पादत्राणं काढली, खुर्च्या भिंतीला लावल्या आणि घरच्यांनी जमिनीवर बैठक घातली. पहिलं जेवण शेजाऱ्यांनी आणलं, उकडलेली अंडी आणि पाव. सात दिवस दाढी नाही, काम नाही, घराबाहेर पाऊल नाही. विहिरी खोदणाऱ्याला बसायची सवय नसते. थोरल्याचे हात सारखे काहीतरी शोधायचे. मांडीवरचा धागा ओढ, जमिनीवरचा खडा उचल, पुन्हा ठेव. सकाळ-संध्याकाळ सगळे पुरुष घरी यायचे आणि थोरला उभा राहून कद्दिश म्हणायचा. त्या प्रार्थनेत मेलेल्याचं नाव नाही, मरणाचा शब्द नाही, नुसती देवाची थोरवी. थोरल्याला ते बरं वाटायचं. धाकट्याचं नाव घ्यावं लागलं असतं तर त्याचा आवाज फुटला नसता.

दुःखात बसलेल्या माणसाकडे गेलं तर त्यानं तोंड उघडल्याशिवाय आपण बोलायचं नाही, असा नियम आहे. तो पाळणारा गावात एकटा शिंपी. तो रोज यायचा, थोरल्यासमोर बसायचा, चष्म्यातून त्याच्याकडे बघायचा आणि उठून जायचा. बेकरीवाल्याला मात्र गप्प बसणं जन्मात जमलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो सगळ्यांदेखत म्हणाला, की असा माणूस शोधून सापडणार नाही, भाऊ मरणाच्या दारात आणि यानं शब्बाथ मोडला नाही. दोघांचौघांनी माना डोलावल्या. थोरल्याला तोंडात मारल्यासारखं झालं. त्यानं शिंप्याकडे बघितलं. शिंपी आपल्या बोटावरचं टाचणीचं भोक निरखत होता.

कारण थोरल्याला ठाऊक होतं. दरवर्षी शास्त्रातला शब्बाथचा भाग आला की शिंपी तो वाचून दाखवायचा आणि मग साध्या भाषेत समजावून सांगायचा, की जीव जात असेल तर शब्बाथ मोडायचा. मोडला तर चालेल असं नाही, मोडायचाच. विचारत बसलेल्यालासुद्धा दोष आहे, कारण तेवढ्यात माणूस जातो. थोरला दुसऱ्या बाकावर बसून हे तीस वर्षं ऐकत होता. बायकांना ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्या मागे पडद्याआड असायच्या, निम्म्या वेळी पोरांना गप्प करण्यात, आणि शिंप्याचा आवाज तर दुसऱ्या बाकाच्या मागेही जेमतेम पोचायचा. त्या दुपारी थोरल्याच्या तोंडून शब्बाथ हा शब्द निघाला तो धर्म आठवला म्हणून नव्हे. उठायचं जिवावर आलं होतं, आणि तो शब्द जवळ पडलेला होता.

दगड त्यानं पाडला नव्हता. काठोकाठ भर म्हणून ओरडला होता, पण असं तो हजारदा ओरडला असेल. तेवढ्याचं ओझं त्यानं कसंही पेललं असतं. झोपेचं ओझं पेलत नव्हतं.

धाकटी, म्हणजे धाकट्याची बायको, काही खात नव्हती. थोरलीनं, म्हणजे थोरल्याच्या बायकोनं, समजावून बघितलं, रागावून बघितलं. पाण्यात बुडवलेला पाव तेवढा घशाखाली उतरायचा. गालांची हाडं वर आली होती, आणि मुलगी मांडीवर बसायला आली की ती तिला हळूच बाजूला सारायची. पाचव्या दिवशी सकाळची प्रार्थना संपून सगळे गेले, थोरली मुलीला घेऊन मागे गेली, तेव्हा धाकटी बसल्या जागेवरून म्हणाली, भाऊजी, मला तुम्हाला एक सांगायचंय.

"तुम्ही नाही म्हणालात ना, त्यानंतर मी चूल पेटवली," ती म्हणाली. "यांचे पाय गार पडले होते. पाणी तापवून शेकले. शब्बाथच्या दिवशी, माझ्या हातानं. दार लावून घेतलं, कुणाला दिसू नये म्हणून."

थोरल्यानं हातातला खडा खाली ठेवला.

"तुम्ही भाऊ असून पाळलंत. मला धीर धरवला नाही. त्यानंतरच ते हाकेला ओ देईनासे झाले." तिनं फाटलेल्या बाहीची कड मुठीत धरली होती. "माझ्या हातांचा मला विटाळ वाटतो. मुलीला लावायलासुद्धा भीती वाटते."

इथं त्यानं तोंड उघडायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. तू केलंस तेच बरोबर होतं, या घरात त्या दिवशी धर्म एकट्या तुझ्या हातानं घडला. वाक्य त्याच्या जिभेवर आलंही. पण त्याच्या मागोमाग दुसरं वाक्य येणार होतं, की मग भाऊजी, तुम्ही का नाही उठलात? थोरल्यानं खाली बघितलं आणि म्हणाला, "देव बघतोय सगळं. तू जेव." एवढं बोलून तो भिंतीकडे तोंड करून बसला. मेल्या भावाचा तो गुन्हेगार होताच, आता जित्या भावजयीचाही झाला.

सातवा दिवस शब्बाथचाच आला. दुपारी थोरला खाटेवर पडला, पण डोळ्याला डोळा लागला नाही, आणि त्यानंतरच्या कुठल्याच शनिवारी लागला नाही.

सोमवारी तो गिरणीमागच्या विहिरीवर गेला. गिरणीवाल्यानं वर रहाटाला दोन मजूर दिले आणि तीन वर्षांनी थोरला पुन्हा खाली उतरला. गुडघे ओरडत होते. दगड तसाच अर्धा फुटलेला होता, धाकट्याची पहार खाचेत उभी होती. थोरल्यानं ती उपसली आणि काम सुरू केलं. वरचे मजूर अनोळखी होते, गप्पांच्या नादात बादली भिंतीला आपटत नेत होते. प्रत्येक खेपेला थोरला मान खाली घालून भिंतीला चिकटायचा, आणि मग स्वतःचीच लाज वाटून पुन्हा मधे येऊन उभा राहायचा. चौथ्या दिवशी दगडाला पाझर फुटला. वर आनंद झाला, गिरणीवाल्याच्या बायकोनं खाली वाकून आशीर्वाद दिले. घोट्याएवढ्या गढूळ पाण्यात उभा राहून थोरला रडला. वरच्यांना वाटलं, पाणी लागलं म्हणून रडतोय.

तो तसाच ओल्या कपड्यांनी शिंप्याकडे गेला. शिंपी यंत्रावर बसला होता. थोरल्यानं आडवळणानं सुरुवात केली, की समजा एखाद्या माणसाला नियम ठाऊक आहे, आणि समजा त्यानं... शिंप्यानं यंत्राचं चाक हातानं थांबवलं.

"दुसऱ्या बाकावर बसतोस तू," तो म्हणाला. "मी रोज येऊन बसत होतो. वाट बघत होतो, बोलशील म्हणून."

मग थोरल्यानं सगळं सांगितलं. पाठ, खाट, डोळ्यातली बाहुली, डोळे न उघडता दिलेलं उत्तर, आणि पाचव्या दिवशीचं गप्प बसणं. शेवटी शिंपी म्हणाला, की याला वाट आहे. ज्याचा अपराध केला तो मेला असेल तर दहा माणसं घेऊन त्याच्या कबरीवर जायचं, अनवाणी, आणि त्यांच्यादेखत कबूल करायचं. गोलमोल नाही, काय केलं ते नीट. दहा जण म्हणतील, तुला माफ आहे. थोरल्याचा जीव जरा भांड्यात पडला. अंगमेहनतीचं काम सांगितलं तर ते तो करू शकत होता.

"आणि धाकटी?" त्यानं विचारलं.

"ती जिवंत आहे," शिंपी म्हणाला. "तिथं माझी दहा माणसं उपयोगाची नाहीत. तिथं तू एकट्यानं जायचं. ती नाही म्हणाली तर दुसऱ्यांदा जायचं. पुन्हा नाही म्हणाली तर तिसऱ्यांदा."

खरं तर धाकटीकडे त्याच दिवशी जायला हवं होतं. थोरल्यानं आधी कबर निवडली, कारण कबर काही विचारत नाही. त्यानं स्वतःला पटवलं की तिसावा दिवस जवळच आहे, सगळे तसेही कबरीवर जमतील. तोवर धाकटी पाण्यात पाव बुडवून खात राहिली. हे सतरा-अठरा दिवसही त्याच्याच खात्यावर गेले.

आता गावात पुरुष उरले होते अकरा. थोरला सोडून बरोबर दहा, म्हणजे एकही कमी पडून चालणार नव्हतं. थोरला घरोघर गेला. बेकरीवाला म्हणाला, तुला कसली माफी, तू तर आमच्यात सगळ्यात सरळ माणूस. तो असं म्हणाला की थोरल्याला त्याच्या भट्टीत उडी घ्यावीशी वाटायची. दहावा होता जुना घड्याळजी, नव्वदीला टेकलेला, ठार बहिरा. त्याला गाडीत घालून न्यावं लागणार होतं. कशासाठी न्यायचंय ते थोरल्यानं त्याच्या कानात तीनदा ओरडून सांगितलं. तो म्हणाला, येतो, पण जेवण लवकर असू द्या.

तिसाव्या दिवशी, सोमवारी सकाळी, कबरस्तानात थोरल्यानं पायताण फाटकाशी काढलं. जमीन तापायला लागली होती, खडे टोचत होते. दहा जण अर्धवर्तुळात उभे राहिले, घड्याळजीला दोघांनी धरलं होतं. थोरल्यानं शिंप्यानं शिकवलेले शब्द म्हटले.

"इस्राएलच्या देवाचा मी अपराधी आहे. माझ्या या धाकट्या भावाचा मी अपराधी आहे."

आणि मग काय केलं ते सांगितलं. आपल्याला नियम ठाऊक होता, हे सांगितलं. झोप हवी होती, हे सांगताना त्याचा आवाज इतका बारीक झाला की शिंपी म्हणाला, मोठ्यानं. त्यानं मोठ्यानं सांगितलं. बेकरीवाल्याचा चेहरा पडला. भावाच्या मातीवर अजून गवतसुद्धा आलेलं नव्हतं.

"तुला माफ आहे," शिंपी म्हणाला, आणि बाकीच्यांनी त्याच्यामागून म्हटलं. असं तीनदा. बेकरीवाला पहिल्या खेपेला गप्पच राहिला, दुसरीला पुटपुटला, तिसरीला म्हणाला. सगळं संपल्यावर घड्याळजीच्या लक्षात आलं की काहीतरी म्हणायचं होतं, आणि तो एकटाच खणखणीत आवाजात म्हणाला, तुला माफ आहे, बाबा. त्यानं अवाक्षर ऐकलं नव्हतं. दहांतली ती एकच माफी थोरल्याला सहज मिळाली.

फाटकापर्यंत त्याला हलकं वाटलं. पायताण घालायला वाकला आणि ते हलकेपण गेलं. पायताण हातात घेऊन तो तसाच अनवाणी घरी निघाला. चालता चालता त्यानं काय बोलायचं ते जुळवून ठेवलं.

धाकटी मागच्या अंगणात मुलीचे कपडे वाळत घालत होती. थोरली तिथंच होती. थोरल्यानं तिला आत जा म्हणून खूण केली, मग विचार बदलला आणि म्हणाला, राहा, तूही ऐक. जुळवलेलं सगळं पार विसरलं होतं.

"धाकटे," तो म्हणाला, "तू चूल पेटवलीस ते पाप नव्हतं. जीव जात असला तर शब्बाथ मोडायचा, असाच नियम आहे. तू बरोबर केलंस. गाडी जुंपायला सांगत होतीस तेही बरोबर होतं."

तिच्या हातात ओला झगा होता. त्यातून पाणी तिच्या पायांवर ठिबकत होतं.

"हे तुम्हाला कधी कळलं?" तिनं विचारलं.

"मला तेव्हाच ठाऊक होतं."

"मी दारात उभी होते तेव्हा?"

"हो. मला झोप आली होती. उठवेना."

थोरलीनं तोंडावर पदर घेतला. धाकटीचा चेहरा हळूहळू बदलत गेला आणि शेवटी तिथं महिनाभर न दिसलेली गोष्ट दिसली. तिला राग आला होता.

"मग पाचव्या दिवशी," ती म्हणाली, "मी माझ्या हातांचं सांगितलं. तुम्ही ऐकलंत. आणि मला जेव म्हणालात."

"हो."

"माझी पोर महिनाभर माझ्याकडे बघत राहिली, भाऊजी. मी तिला जवळ घेतलं नाही."

थोरला तापलेल्या फरशीवर अनवाणी उभा होता. त्याच्या पायांना सोसत नव्हतं, पण हलावंसं वाटेना. तो म्हणाला, मी तुझा अपराधी आहे, मला माफ कर. हे एवढंच बोलायला त्याला एकतीस दिवस लागले होते.

तिनं झगा झटकला, दोरीवर नीट पसरला आणि चिमटा लावला.

"तीन वेळा विचारावं लागतं ना?" ती म्हणाली.

"हो."

"हे एक झालं."

ती आत गेली. मुलीला हाक मारून तिनं मांडीवर ओढून घेतलं, जोरात, पोर कळवळेपर्यंत. मग थोरलीला म्हणाली, जाऊबाई, मला वाढा. ती जेवली, दोनदा मागून घेऊन जेवली. थोरला अंगणात उभा राहून ते ऐकत होता. दुसऱ्यांदा कधी विचारायला यायचं, हे काही तिनं सांगितलं नव्हतं.